आप्पांनी लिहिलेला चंद्रू

माझे वडील शांतिनाथ मगदूम निपाणीपासून चार कोसांवरच्या बोळगावात मराठी शाळेचे मास्तर होते. मुलांसाठी त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. दुसरं आता कुणाला आठवत नाही. पहिलं, ‘काहिलीतली सफर’, जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत बक्षीस म्हणून वाटलं गेलं आणि अजून वाटलं जातं. त्यातला चंद्रू म्हणजे माझा धाकटा भाऊ बाळगोंडा आणि त्याची बहीण चिमी म्हणजे मी, ब्राह्मी. एवढं गावात सगळ्यांना माहीत होतं. बाकीचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं घर वेदगंगेच्या काठाला होतं. आषाढात नदी फुगली की गावाचा पैलतीराशी संबंध तुटायचा. मग गुऱ्हाळातली काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची ती भली थोरली लोखंडी कढई, नदीवर आणली जायची. तिच्यात चार-सहा माणसं बसवून मष्णू नावाडी पाठीला वाळके भोपळे बांधून पोहत ती पलीकडे ढकलत न्यायचा. आप्पा पाण्याला फार भ्यायचे. चिकोडीला कचेरीत जायचं झालं तर काहिलीत बसून डोळे मिटायचे आणि पलीकडचा चिखल लागेपर्यंत णमोकार मंत्र म्हणायचे. बाळगोंडा त्यांच्यावर गेला होता. बैलाला भ्यायचा, गडगडाटाला भ्यायचा. मास्तरांचा पोरगा म्हणून पोरं त्याला मारत नसत, पण चिडवत फार. मला मात्र पाण्याचं काही वाटत नव्हतं. आमची आव्वा, म्हणजे आई, चिकोडीकडची. तिच्या माहेरी रायाप्पामामांच्या विहिरीत मी सातव्या वर्षीच पोहायला शिकले होते.

सन सव्वीसच्या पुरात मी अकरा वर्षांची होते, बाळगोंडा नऊ. शाळेच्या पायरीला पाणी लागलं म्हणून सुट्टी होती. मष्णू काहील काठाच्या बाभळीला बांधून भाकरी खायला घरी गेला होता. मी धुणं पिळत होते आणि बाळगोंडा काहिलीत बसून लाकडाच्या ढलपीनं पाणी मारत होता. दोर कधी सुटला ते कळलंच नाही. मी मान वर केली तेव्हा काहील गरगर फिरत मधल्या धारेला लागली होती. बाळगोंडा कड धरून बसला होता. तो ओरडतसुद्धा नव्हता.

मी परकराचा काचा मारला आणि उडी टाकली. दोराचं टोक सापडलं ते दातात धरलं. काठाकडे ओढून काहील येईना, म्हणून मग ओढायचं सोडून दिलं आणि धारेबरोबर वाहत गेले. अर्ध्या कोसावर नदी वळते. तिथं पाणी शेतात पसरलं होतं आणि बाभळींचे शेंडे तेवढे वर दिसत होते. त्यातल्या एकाला मी दोराचे तीन वेढे दिले. काटे तळहातात मोडले. मग काहिलीत चढून बाळगोंड्याला पोटाशी धरून बसले. तो भिजलेल्या कोंबडीच्या पिलासारखा थरथरत होता. चड्डीत मुतला होता, त्याची त्याला लाज वाटत होती आणि कुणाला सांगू नको म्हणून पुन्हा पुन्हा विनवत होता. मष्णूनं आम्हाला शोधून आणलं तोवर दुपार कलली होती. घरी आल्यावर आव्वानं माझा परकर पिळला, केस पुसले आणि सुईनं काटे काढले. कचेरीच्या कामाला गेलेले आप्पा तिसऱ्या दिवशी चिकोडीहून आले. त्यांना सगळं मष्णूनं सांगितलं. ते बराच वेळ आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले.

त्यानंतर महिन्याभरात आप्पांनी लिहायला घेतलं. दर शनिवारी चौथीच्या वर्गात ते एकेक प्रकरण वाचून दाखवायचे. वर्गात आम्ही मुली तिघीच, भिंतीकडेला बसायचो. गोष्टीतलं घर आमचंच होतं. आव्वाची शेंगदाण्याची चटणी, लंगडी कालवड, तपकीर ओढणारे रायाप्पामामा, सगळं होतं. गोष्टीतली काहील मात्र बाभळीला अडकत नाही, ती वाहत वाहत कृष्णेला जाते, मुलं एका बेटाला लागतात, तिथं दरोडेखोर असतात. बेटावरसुद्धा आईची आठवण काढून मुलं दिवस मावळायच्या आत जेवतात, कारण जैनाच्या घरची मुलं आहेत. वर्ग श्वास रोखून ऐकायचा. पण पहिल्याच शनिवारी आप्पांनी वाचलं ते असं होतं: चंद्रूनं क्षणाचाही विचार न करता पुरात उडी घेतली, काहिलीत बसलेली चिमी तोंड झाकून रडत होती.

सगळी पोरं बाळगोंड्याकडे वळून बघायला लागली. तो उभा राहिला आणि म्हणाला, “ते मी नव्हं. आक्का हुती.”

पोरं हसली. त्यांना वाटलं, मास्तरांचा पोरगा लाजतोय. आप्पा म्हणाले, “बाळगोंडा, खाली बस.” आणि पुढं वाचायला लागले.

त्या दिवशी घरी मी आप्पांना विचारलं. मला वाटलं होतं त्यांची चूक झाली असेल. त्यांनी मला समोर बसवून नीट समजावलं. मुलगी नदीत उतरली, ओल्या अंगानं नावाड्याबरोबर परत आली, हे छापून आलं तर उद्या माझ्या लग्नाला अडचण येईल. शिवाय मुलीनं मुलाला वाचवलं ही गोष्ट मुलगे आवडीनं वाचणार नाहीत. ही दोन कारणं सांगून झाल्यावर त्यांनी तिसरं सांगितलं.

“तू हाइसच गं पोहणारी. तुला पुस्तकाची गरज न्हाय. त्येला हाय.”

मला ते पटलं. खरं म्हणजे मला त्याचा अभिमानच वाटला. आप्पांनी मला मोठ्या माणसासारखं विश्वासात घेतलं होतं.

दोन वर्षांनी पुस्तक छापून झालं. बेळगावात रामदेव गल्लीत हेरेकर म्हणून एक छापखानेवाले होते, त्यांनी ते काढलं. त्यांना गोष्टीत एक मगर मारलेली हवी होती. आप्पा जीवहत्या लिहायला तयार होईनात. पाच-सहा पत्रं झाल्यावर चंद्रू काहील बडवून मगरीला पळवून लावतो, यावर तडजोड झाली. हेरेकरांनी मुलाचा फोटो मागवला होता. मुखपृष्ठावर दातात दोर धरून पोहणारा मुलगा आला तो हुबेहूब बाळगोंडा. मागं काहिलीत एक मुलगी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसलेली. तिला चेहराच नव्हता, त्यामुळं माझा फोटो लागला नाही.

मग आमच्या घरी लोक यायला लागले. दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले तेव्हा त्यांनी बाळगोंड्याची पाठ थोपटली आणि त्याला एक टाक दिला. चिकोडीच्या शाळेची मुलं मास्तरांसोबत नदी बघून गेली. पोस्टानं मुलांची पत्रं येत. चंद्रूला साप चावला तर तो काय करील, चंद्रू इंग्रजी शाळेत जाणार का, असं काहीबाही विचारलेलं असे. सुरुवातीला बाळगोंडा पाहुणे आले की परड्यात लपून बसायचा. एकदा पोत्यांच्या मागं सापडला. पुढं पुढं लपायचा थांबला. मग सरळ चालायला लागला. एकदा गल्लीत उधळलेला बैल त्यानं शिंगाला धरून थांबवला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आप्पांनी मला हाक मारून म्हटलं, बघ. त्या दिवशी ते इतके आनंदात होते की आव्वाला त्यांनी गोड करायला सांगितलं.

त्या उन्हाळ्यात मी त्याला विहिरीत पोहायला शिकवायला सुरुवात केली होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत सात-आठ हात मारायचा, तिथं धापा टाकत दगड धरायचा. पुढच्या वर्षी मी शहाणी झाले आणि माझं विहिरीवर जाणं बंद झालं. त्याचं शिकणं तेवढ्यावरच राहिलं.

सन तीसच्या जूनमध्ये त्याला निपाणीच्या इंग्रजी शाळेत घातलं. एका नातेवाइकांकडे राहायचा. तिथली मुलं त्याला चंद्रूच म्हणत. त्याच महिन्यात चिकोडीचे एक पाहुणे मला बघायला आले. व्यापारी घर, तंबाखूची वखार असलेलं. मुलाच्या आईनं मला वर-खाली न्याहाळलं आणि हसून म्हणाली, पुस्तकातली चिमी ती हीच ना? गरीब हाय पोरगी, दिसतंय. त्यांना मी पसंत पडले. आप्पांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. मी आतल्या खोलीत जाऊन उतरंडीपाशी उभी राहिले. मला तेव्हा पहिल्यांदा आप्पांचा राग आला, आणि त्याहून जास्त बाळगोंड्याचा आला. त्याचा काही दोष नव्हता हे कळत होतं, तरी आला.

आषाढात दोन दिवसांच्या सुट्टीला तो घरी आला. नदी पात्र सोडून वर आली होती. मी परड्यात जोंधळे निवडत बसले होते. तो येऊन समोर बसला. तेरा वर्षांचा झाला होता, ओठावर लव दिसायला लागली होती. बराच वेळ सुपातले खडे उचलून टाकत राहिला, मग म्हणाला, “आक्का, एक इचारू? हसायचं न्हाय.”

“इचार.”

“त्या दिवशी पाण्यात कोण हुतं? मला कधी वाटतंय तू हुतीस. पर डोळं मिटलं की मला मीच दिसतोय. दोराची चवसुदिक लागतीया तोंडात. मला कळंना झालंय. खरं सांग.”

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. दोराची ती चव मला आठवत होती, चिखलाची आणि काथ्याची. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. पण माझ्या डोक्यात ती चिकोडीची बाई होती, तिचं हसणं होतं. मी मान वर न करता म्हटलं, “पुस्तकात लिवलंय की.”

त्यानं हातातला खडा टाकला. मग “व्हय, लिवलंय,” म्हणाला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी निपाणीहून त्याच्या वर्गातली चार मुलं चालत आली. त्यांना नदी बघायची होती, काहील बघायची होती. आव्वानं सगळ्यांना भाकरी-चटणी खायला घातली. त्यांच्यातला एक दंगेखोर होता, तो बाळगोंड्याला सारखा म्हणत होता, पुस्तकात कुणीबी कायबी लिहील, करून दाखव. बाळगोंडा हसत होता. मुलं नदीकडं गेली. मला जायची बंदी होती. तरी मी दारापर्यंत गेले आणि हाक मारणार होते. पण चार परक्या पोरांसमोर हाक मारायची कशी, म्हणून परत फिरले. आप्पा शाळेत होते.

पुढचं आम्हाला मष्णूनं सांगितलं. तो भोपळे दुरुस्त करत काठानं बराच खाली बसला होता. मुलांनी त्यांच्यातल्या सगळ्यात लहानाला चिमी म्हणून काहिलीत बसवलं आणि काहिलीला दोन दोर बांधले. एक काठावरच्या मुलांनी धरला. दुसरा बाळगोंड्यानं दातात धरला आणि उडी मारली. मष्णू ओरडला, पण पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. पहिले सात-आठ हात तो चांगला पोहला, असं मष्णू म्हणाला. मग एकदा त्यानं काठाकडं वळून बघितलं. काहिलीतलं पोरगं मुलांनी ओढून काढलं, त्याला काही झालं नाही. मष्णूनं अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतली, पण त्याच्या हाताला नुसता तो दोर लागला.

तिसऱ्या दिवशी खाली संगमाच्या अलीकडं, उसाच्या फडात तो सापडला. आप्पांनी त्याला बघितलं. आव्वाला आणि मला बघू दिलं नाही.

सुतक संपेपर्यंत आप्पा कुणाशी बोलले नाहीत. एका दुपारी ते परड्यात माझ्याजवळ येऊन बसले. दाढी वाढली होती. जोंधळ्याच्या पोत्याकडं बघत त्यांनी एवढंच म्हटलं, “त्येनं मला कधी इचारलं न्हाय गं. एकदा जरी इचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं.”

मी काही बोलले नाही. तेव्हा बोलले नाही आणि नंतर आठ वर्षं आप्पा जगले, त्यांतही बोलले नाही.

आव्वाला लिहिता-वाचता येत नव्हतं. माहेरचं कानडी, इथली मराठी ऐकून शिकलेली. पंधरा दिवसांनी तिनं ते पुस्तक ट्रंकेतून काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, वाच. मी वाचलं. चंद्रूनं उडी घेतली, चिमी रडली, काहील बेटाला लागली, चंद्रूनं मगर पळवली, चंद्रू परत घरी आला आणि आईनं त्याला पोटाशी धरलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. संपल्यावर पुस्तक घेऊन पुन्हा ट्रंकेत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. मी पहिलं पान उघडलं की आप्पा चप्पल घालून बाहेर जायचे. शेजारची नागुबाई आव्वाला म्हणाली, नको गं असं करू, तुझाच जीव जातोय त्यात. आव्वानं तिचं ऐकलं नाही. माझं लग्न होऊन मी चिकोडीला जाईपर्यंत ते पुस्तक मी दिवसाआड तरी वाचलं असेल.

चिकोडीला मी दोन वर्षं होते. तिथून परत का आले ते सांगायचं हे ठिकाण नाही. आप्पांनी काही विचारलं नाही. मला मास्तरणीच्या शिक्षणासाठी बेळगावला ठेवायचं त्यांनी ठरवलं. आमच्या समाजातल्या लोकांनी नावं ठेवली, पण आप्पांनी मानलं नाही. बेळगावला मला पोचवायला आले तेव्हा त्यांच्या पिशवीत एक वही होती. गाडीत त्यांनी ती माझ्या हातात दिली. ‘काहिलीतली सफर’ त्यांनी पुन्हा लिहून काढली होती. यात पुरात उडी घेणारी चिमी होती. चंद्रू काहिलीत बसून थरथरत होता. बेट नव्हतं, दरोडेखोर नव्हते. बाभळीचे काटे होते. चड्डीत मुतल्याचं मात्र नव्हतं. ते मी आप्पांना कधी सांगितलं नव्हतं. मी वाचत असताना आप्पा खिडकीबाहेर बघत होते. मी वही मिटून त्यांच्याकडं परत दिली.

बेळगावात उतरल्यावर आम्ही तसेच हेरेकरांकडं गेलो. हेरेकर माणूस वाईट नव्हता. बाळगोंड्याचं ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वही त्यांनी आमच्यासमोर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, मास्तर, लिहिलंय चांगलं, पण हे कुणाला देऊ? पोरांनी ज्याला वीर मानलं त्याला आता रडका कसा करायचा? आप्पांनी वही परत घेतली आणि विनंती केली की निदान जुनं पुस्तक पुन्हा छापू नका.  करार हेरेकरांकडं होता आणि आप्पांनी त्यावर सही केलेली होती. हेरेकर हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, माझी पण पोरं तेच पुस्तक उशाशी घेऊन झोपतात. मी ते बंद करणार नाही.”

त्यानंतर आप्पांनी दुसरा मार्ग धरला. मुलांची पत्रं अजून येत होती, महिन्याला दोन-चार. आप्पा प्रत्येकाला उलट कार्ड लिहायचे. मजकूर ठरलेला असे. ‘चि. बाळ यास आशीर्वाद. चंद्रू पुरात पोहला हे मी खोटे लिहिले. त्याला पोहता येत नव्हते. तू पाण्यात उतरू नकोस.’ काही मुलांनी पुन्हा लिहून विचारलं की मग चंद्रू आता कुठं आहे. त्यांनाही आप्पांनी खरं ते कळवलं. सात-आठ वर्षांच्या मुलांना. एका वकिलाच्या मुलानं ते कार्ड वाचून दोन दिवस अन्न घेतलं नाही, म्हणून वडिलांनी वर तक्रार केली. आणखीही तक्रारी गेल्या. मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं बोललं जायला लागलं. आप्पांची बदली खानापूर तालुक्यात नंदगडला झाली. आव्वाला बरोबर घेऊन ते गेले. तिथंही कार्डं लिहीत होते.

नंदगडच्या शाळेत एका वर्षी बक्षीस समारंभाला मी सुट्टी काढून गेले होते. वरून आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात ‘काहिलीतली सफर’ निघालं. पाहुण्यांनी कौतुकानं सांगितलं की हे पुस्तक लेखकाच्याच हस्ते द्यावं. पहिला आलेला मुलगा पुढं आला. आप्पांनी पुस्तक उचललं, त्याच्या हातात दिलं, पण सोडलं नाही. मुलगा एका बाजूनं धरून उभा, आप्पा दुसऱ्या बाजूनं. लोक टाळ्या वाजवत होते, मग थांबले. मुलगा गोंधळून आप्पांच्या तोंडाकडं बघायला लागला. आप्पांनी हात सोडला. त्याला काय सांगितलं ते मला लांबून ऐकू आलं नाही. मुलगा मात्र रडवेला होऊन जागेवर जाऊन बसला.

अडतीस साली तिथंच थंडीतापानं आप्पा गेले. शेवटचे तीन दिवस मी जवळ होते. शुद्ध होती तेव्हा मी एकदा सांगायचं ठरवलं होतं. आप्पा, त्यानं विचारलं होतं, मला विचारलं होतं. त्यांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि पाणी पाजलं. सांगितलं नाही. आता वाटतं की सांगितलं असतं तर त्यांच्या ओझ्यातलं थोडं मला उचलता आलं असतं. पण तेव्हा मला भीती वाटत होती की मरताना ते माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघतील.

आव्वाला मी बेळगावला आणलं. टिळकवाडीत दोन खोल्या घेतल्या होत्या, मुलींच्या शाळेत नोकरी होती. सामान लावल्यावर आव्वानं पहिलं काय केलं असेल तर पुस्तक काढून माझ्यापुढं ठेवलं. त्या दिवशी मी आप्पांची वही बाहेर काढली. म्हटलं, आव्वा, आप्पांनी ही दुसरी लिहिली होती, खरी. ही वाचू का?

तिनं वहीकडं बघितलं, हात लावला नाही.

“त्यात काय हाय ते मला ठावं हाय. तुझा परकर मीच पिळला न्हवं? तुझ्या हातातलं काटं मीच काढलं.” मग म्हणाली, “त्यात त्यो रडतोय. ती नको. हीच वाच.”

इतकी वर्षं मला वाटत होतं की तिला माहीत नाही, किंवा ती विसरली. मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. चिमी तोंड झाकून रडत होती, या ओळीला मी थांबले. आव्वानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, पण पुढं वाच म्हणूनच ठेवला.

गेल्या वर्षी, सेहेचाळीसच्या पावसाळ्यानंतर, हेरेकरांचा मुलगा आमच्याकडं आला. वडील वारले होते, छापखाना तोच बघत होता. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची होती. बाळगोंड्याचा फोटो आत घालायचा होता आणि मुखपृष्ठावर ‘लेखकाच्या वीर पुत्राची सत्यकथा’ अशी ओळ टाकायची होती. मुलगा अशा पुरात गेला हे लोकांना आता ठाऊक आहेच, म्हणाला, त्यामुळं पुस्तकाला आणखी मान येईल. त्याला घरच्यांची संमती हवी होती.

मी नाही म्हटलं. हे खोटं आहे, असं स्पष्ट सांगितलं. तो अवघडून बसला. आव्वा आतून ऐकत होती, ती बाहेर आली. सत्यकथा म्हणजे काय ते तिनं मला विचारलं. खरोखर घडलेली गोष्ट, मी सांगितलं. तिनं फोटो ट्रंकेतून काढून त्याच्या हातात दिला. “घाला,” म्हणाली, आणि अंगठ्याला शाई लावून घेतली.

मला तिचा हात धरता आला असता. मी कागद सरळ धरला, अंगठा नीट उमटावा म्हणून.

तो जायला निघाला तेव्हा मी त्याला जिन्यात गाठलं. निदान शेवटच्या पानावर एक ओळ छाप म्हटलं, मुलांनी पुराच्या पाण्यात उतरू नये, एवढीच. त्यानं टिपून घेतली, नक्की छापतो म्हणाला.

या महिन्यात पुस्तकं आली. आम्हाला द्यायच्या दहा प्रती एका गठ्ठ्यात होत्या. फोटो छान छापला होता. ती ओळ नव्हती. मी छापखान्यात गेले तर तो म्हणाला, जागा उरली नाही, फर्मा भरला होता, पुढच्या वेळी बघू. सगळी छपाई शाळांकडं रवाना झाली होती.

रविवारी मी दौत-टाक घेऊन बसले आणि दहाही प्रतींच्या शेवटच्या पानावर ती ओळ हातानं लिहिली. वर्गातल्या फळ्यावर लिहिते तशी, मोठ्या अक्षरात. आठ प्रती नात्यातल्या मुलांना पाठवल्या, एक मष्णूच्या नातवाला. दहावी आव्वानं ठेवून घेतली. जुनी फाटायला आली होती.